सर्टिफिकेट बसवलं, तरी इशारा का?

नवं संकेतस्थळ सुरू व्हायच्या दिवशी अनेक तंत्रज्ञांच्या वाट्याला हा प्रसंग येतो. सर्टिफिकेट रीतसर घेतलेलं असतं, फाइल क्लस्टरमध्ये चढवलेली असते, चढवताना कसलीही तक्रार आलेली नसते. आणि तरीही ब्राउझर पान उघडायच्या ऐवजी ताकीद देतो की तुमचं कनेक्शन खासगी नाही. ताकिदीमागचा तपशील उघडावा, तर सर्टिफिकेटवर आपल्या संस्थेचं नावच नाही. तिथे लिहिलेलं असतं ‘क्युबरनेटीस इनग्रेस कंट्रोलर फेक सर्टिफिकेट’ आणि संस्थेच्या रकान्यात ‘ॲक्मी को’. ही कंपनी कोणती, ती आपल्या संकेतस्थळावर आली कशी, आणि आपण घेतलेलं सर्टिफिकेट गेलं कुठे?

सर्टिफिकेट संकेतस्थळाला एकदा चिकटवलं की काम झालं, अशी आपली समजूत असते. क्लस्टरमध्ये तसं होत नाही. तिथे प्रत्येक नव्या जोडणीच्या वेळी, ऐन त्या क्षणी, कोणीतरी अनेक सर्टिफिकेटांमधून एक निवडून समोर धरतं. ही निवड कोण करतं आणि कशाच्या आधारावर करतं, हे कळलं की वरचं कोडं सुटतं.

ब्राउझर नेमकं काय पाहतो

पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होतो तेव्हा पडद्यामागे टीएलएस नावाची पद्धत काम करत असते. तिची पहिली आवृत्ती १९९९ची, सध्याची १.३ ही आवृत्ती २०१८ची. टीएलएसची कामं दोन. मधल्या कोणाला आपलं बोलणं वाचता किंवा बदलता येऊ नये, हे एक. आणि समोर जो आहे तो खरोखर तोच आहे याची खात्री पटावी, हे दुसरं. दुसऱ्याशिवाय पहिल्याला काही अर्थ नाही. चोराशी अगदी गुप्तपणे बोललो, तरी ऐकणारा चोरच असतो.

ही खात्री सर्टिफिकेट देतं. ती एक छोटीशी फाइल असते. तिच्यात संकेतस्थळाची नावं, एक सार्वजनिक की, कधीपासून कधीपर्यंतची मुदत आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची डिजिटल सही असते. ही फाइल गुप्त नसते. कोणीही उतरवून घ्यावी. गुप्त असते ती तिच्या जोडीची खासगी की, जी सर्व्हरबाहेर कधीच जात नाही. संवाद सुरू होताना सर्व्हर नुसतं सर्टिफिकेट दाखवून थांबत नाही, तर आतापर्यंत झालेल्या देवाणघेवाणीवर खासगी कीने सही करून पाठवतो. सर्टिफिकेटमधल्या सार्वजनिक कीने ती सही पडताळली की ब्राउझरला कळतं, हा की बाळगणारा खरा मालक आहे. म्हणूनच दुसऱ्याचं सर्टिफिकेट नुसतं उचलून आणून काही साधत नाही.

यानंतर ब्राउझर तारीख पाहतो, सही त्याच्या विश्वासातल्या संस्थेपर्यंत पोचते का ते पाहतो, आणि नाव पाहतो. नावाची तपासणी फार काटेकोर असते. ‘*.उदाहरण.भारत’ असं तारांकित नाव असेल, तर ‘दुकान.उदाहरण.भारत’ चालतं, पण ‘जुनं.दुकान.उदाहरण.भारत’ चालत नाही, कारण तारा एकाच पातळीपुरता असतो. सर्टिफिकेटमध्ये पूर्वी मुख्य नावाचा वेगळा रकाना असे. क्रोमने २०१७पासून त्याकडे पाहणंच सोडलं; आता फक्त पर्यायी नावांची यादी बघितली जाते. घरच्या घरी जुन्या पद्धतीने बनवलेली सर्टिफिकेटं आज नेमकी इथेच नापास होतात.

दार एक, बिऱ्हाडं अनेक

कंटेनर म्हणजे एखादा प्रोग्राम आणि त्याला लागणारी सगळी सामग्री यांचं एकत्र बांधलेलं गाठोडं. असे शेकडो कंटेनर अनेक यंत्रांवर मिळून चालतात, तेव्हा त्या यंत्रांच्या समूहाला क्लस्टर म्हणतात. कोणता कंटेनर कुठल्या यंत्रावर चालवायचा, एखादा बंद पडला तर दुसरा कधी उभा करायचा, हे ठरवण्यासाठी गूगलने २०१४मध्ये क्युबरनेटीस ही प्रणाली सर्वांसाठी खुली केली. कंटेनर सतत जन्मतात आणि मरतात, त्यांचे आतले पत्ते बदलत राहतात. बाहेरच्या ब्राउझरने कंटेनरशी थेट बोलावं म्हटलं, तर कुठल्या पत्त्यावर बोलणार?

म्हणून क्लस्टरला बहुधा एक प्रवेशद्वार ठेवतात. त्यावर बसलेला प्रोग्राम म्हणजे इनग्रेस कंट्रोलर. एकाच आयपी पत्त्यावर तो उभा असतो आणि त्याच्या मागे दहा, वीस, पन्नास संकेतस्थळं असू शकतात. मुंबईतल्या फोर्ट भागातली, मजल्यामजल्यावर कचेऱ्या असलेली इमारत नजरेसमोर आणा. खाली स्वागतकक्ष एकच, आणि सगळ्या कंपन्यांची अधिकारपत्रं तिथल्या कारकुनाच्या खणात. ‘कोणाकडे जायचंय?’ या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय कोणतं पत्र बाहेर काढायचं, हे कारकुनाला कळणार कसं?

नाव आधी, ओळख नंतर

टीएलएसच्या सुरुवातीच्या काळात या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. ब्राउझर संकेतस्थळाचं नाव सांगायचा, पण सुरक्षित जोडणी झाल्यानंतर. आणि जोडणी करायची तर सर्टिफिकेट आधी दाखवायला हवं. त्यामुळे एका आयपी पत्त्यावर एकच सुरक्षित संकेतस्थळ, असा व्यवहारातला नियम होता. २००३मध्ये त्यावर तोडगा निघाला. ब्राउझरने अगदी पहिल्याच संदेशात, कुलूप लागण्याच्या आधी, हव्या असलेल्या संकेतस्थळाचं नाव लिहून पाठवायचं. या सोयीला एसएनआय म्हणतात. तोवर गुप्तता सुरू झालेली नसल्यामुळे ते नाव बहुधा उघडंच जातं. तुम्ही कोणत्या संकेतस्थळावर गेलात हे इंटरनेट पुरवणाऱ्याला दिसतं, पण तिथलं कोणतं पान वाचलं हे दिसत नाही, ते याचमुळे.

इनग्रेस कंट्रोलर हे नाव वाचतो, आपल्याकडची यादी चाळतो आणि जुळणारं सर्टिफिकेट पुढे करतो. जुळणारं काही सापडलंच नाही तर? जोडणी नाकारायची सोय आहे, पण बहुतेक कंट्रोलर तसं करत नाहीत. स्वागतकक्षातला कारकून खणातून कोणाचंच पत्र न मिळाल्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद दाखवतो. वर्षानुवर्षं सर्वाधिक वापरात असलेला, एनजिन्क्स या वेब सर्व्हरवर आधारलेला इनग्रेस कंट्रोलर सुरू होतानाच असं एक सर्टिफिकेट स्वतः तयार करून ठेवतो. ‘ॲक्मी को’ ही त्याने त्यात घातलेली काल्पनिक कंपनी. ट्रेफिक या दुसऱ्या कंट्रोलरचं ‘ट्रेफिक डिफॉल्ट सर्ट’ असतं. रेड हॅटच्या ओपनशिफ्ट या क्युबरनेटीसवर उभ्या प्रणालीतही क्लस्टर उभा राहताच त्याने स्वतःच सही केलेलं तारांकित सर्टिफिकेट दारावर लागतं आणि खरं सर्टिफिकेट नंतर आपण बसवायचं असतं.

म्हणजे ते खोटं नाव ही हल्ल्याची खूण नाही. ‘मागितलेल्या नावाचं चालण्याजोगं सर्टिफिकेट मला मिळालं नाही’ एवढाच त्याचा अर्थ आहे. एका संकेतस्थळाच्या चुकीने बाकीची बंद पडू नयेत, हा यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण कारण फक्त कंट्रोलरच्या नोंदवहीत एका ओळीत लिहायचं आणि बाहेर काहीच बोलायचं नाही, ही रचना मला नवख्यांवर अन्याय करणारी वाटते. क्युबरनेटीसमध्ये पुढे आलेल्या गेटवे एपीआय या पद्धतीने ती सुधारली. तिथे सर्टिफिकेटचा संदर्भ चुकीचा असेल, तर त्या दाराच्या स्थितीतच तसं नोंदवलं जातं. एनजिन्क्सवरच्या त्या जुन्या कंट्रोलरची निवृत्ती क्युबरनेटीस प्रकल्पाने नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर केली आणि मार्च २०२६पर्यंतच जुजबी देखभालीचं आश्वासन दिलं. त्यामुळे नवं काम सुरू करणाऱ्याने गेटवेचा विचार आधी करावा.

दोन फाइली आणि एक ‘सीक्रेट’

आता कारकुनाच्या खणात पत्र जातं कसं ते पाहू. क्युबरनेटीसमध्ये सीक्रेट नावाची वस्तू असते. टीएलएससाठीच्या सीक्रेटमध्ये दोन रकाने असतात: ‘टीएलएस डॉट सीआरटी’मध्ये सर्टिफिकेट, ‘टीएलएस डॉट की’मध्ये खासगी की. मग इनग्रेसच्या, म्हणजे दारावरच्या नियमांच्या, मांडणीत लिहायचं, की या नावासाठी हे सीक्रेट वापर.

सीक्रेट बनवण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांत एक महत्त्वाचा फरक आहे. क्लस्टरला आदेश देणाऱ्या ‘क्यूबसीटीएल’ या साधनाच्या खास आदेशाने बनवलं, तर सर्टिफिकेट आणि की एकमेकांची जोडी आहेत का, हे तिथेच तपासलं जातं, जोडी नसेल तर आदेश नकार देतो. तेच सीक्रेट हाताने लिहिलेल्या फाइलमधून चढवलं, तर क्लस्टर फक्त दोन्ही रकाने आहेत ना एवढंच बघतो. गेल्या वर्षीची की आणि यंदाचं सर्टिफिकेट अशी विजोड दुक्कल तो मुकाट्याने ठेवून घेतो. नूतनीकरणाच्या वेळी नवी की बनवली जाते आणि फाइल मात्र जुन्या कीची चढते, तेव्हा हा घोळ होतो.

दुसरी अडचण जागेची. क्लस्टरमध्ये ‘नेमस्पेस’ नावाचे कप्पे असतात. इनग्रेस ज्या कप्प्यात, त्याच कप्प्यातलं सीक्रेट त्याला वापरता येतं. शेजारच्या कप्प्यात तेच नाव असलेलं सीक्रेट डोळ्यांना दिसत असलं, तरी त्याच्या लेखी ते नाहीच. दोन कप्प्यांना एकच तारांकित सर्टिफिकेट हवं असेल, तर दोन्हीकडे प्रत ठेवायची किंवा कंट्रोलर सुरू करतानाच ते ‘काहीच न जुळल्यास दाखवायचं’ सर्टिफिकेट म्हणून नेमून द्यायचं. दुसऱ्या उपायाने ‘ॲक्मी को’ कायमची जाते.

तिसरी अडचण नावाची. इनग्रेसच्या मांडणीत संकेतस्थळाचं नाव दोन ठिकाणी येतं: वाहतूक कुठे पाठवायची त्या नियमात, आणि टीएलएसच्या भागात. दोन्हीकडे ते अक्षरशः तेच हवं, आणि सर्टिफिकेटच्या यादीतही ते बसायला हवं. देवनागरी नाव घेणाऱ्यांनी इथे जास्त जपावं. २०१४मध्ये सुरू झालेल्या ‘.भारत’मुळे मराठी अक्षरांत पत्ता घेता येतो, पण इनग्रेसच्या मांडणीत देवनागरी चालत नाही. तिथे त्या नावाचं ‘एक्सएन’ने सुरू होणारं रोमन सांकेतिक रूप लिहावं लागतं, आणि सर्टिफिकेटमध्येही तेच असतं.

आणि सीक्रेट या नावावर फार विसंबू नये. त्यातला मजकूर बेस-६४ या पद्धतीने लिहिलेला असतो. ते केवळ लिहिण्याचं दुसरं रूप आहे, कुलूप नव्हे. एका आदेशात कोणालाही ते उलटवता येतं. क्लस्टरच्या मूळ साठ्यातही, वेगळी सोय केल्याशिवाय, ते बिनकुलपाचंच राहतं. सीक्रेटची फाइल कोडच्या भांडारात ठेवणं म्हणजे खासगी की वाटून टाकणं.

चौकट: बाहेरून विचारा
दारावर कोणतं सर्टिफिकेट आहे हे दाराबाहेरूनच कळतं. ‘ओपनएसएसएल’च्या ‘एस-क्लायंट’ आदेशाने क्लस्टरच्या पत्त्याशी जोडणी करावी. एकदा संकेतस्थळाचं नाव सांगून, एकदा नाव न सांगता. नाव सांगूनही खोटंच सर्टिफिकेट आलं, तर सीक्रेटचं नाव, कप्पा आणि जोडी तपासावी. नाव सांगितल्यावर खरं आणि न सांगितल्यावर खोटं येत असेल, तर निवड बरोबर चालली आहे. दोन्हीपेक्षा वेगळंच, तिसऱ्याच कंपनीने दिलेलं सर्टिफिकेट आलं, तर क्लस्टरच्या पुढे सीडीएन किंवा लोड बॅलन्सर असा वाहतूक वाटणारा मधला थर बसला आहे, आणि ब्राउझर बोलतोय तो त्याच्याशी.

अर्धी साखळी

सगळ्यात चकवणारा दोष निवड बरोबर झाल्यावर दिसतो. लॅपटॉपवर संकेतस्थळ नीट उघडतं. मोबाइल ॲप मात्र जोडणी नाकारतं, किंवा पेमेंट गेटवेचा ‘पैसे जमा झाले’ हा निरोप क्लस्टरपर्यंत पोचतच नाही.

सर्टिफिकेट देणारी संस्था आपल्या मूळ कीने रोजच्या सह्या करत नाही. ती की तिजोरीत, नेटवर्कपासून दूर ठेवतात. तिने एका मधल्या सर्टिफिकेटवर सही केलेली असते आणि ते मधलं तुमच्या सर्टिफिकेटवर सही करतं. ब्राउझरजवळ मूळ सर्टिफिकेटांची यादी असते. मधलं सर्टिफिकेट पाठवणं सर्व्हरचं काम. आपण फक्त आपलं सर्टिफिकेट सीक्रेटमध्ये घातलं, तर साखळीची मधली कडी गळते. संगणकावरचा क्रोम ती कडी स्वतः शोधून आणतो, फायरफॉक्सजवळ मधल्या सर्टिफिकेटांचा साठा असतो, म्हणून तिथे सगळं ठाकठीक दिसतं. बाकीचे बहुतेक प्रोग्राम असं काही करत नाहीत. ते सरळ नकार देतात. ब्राउझरमध्ये पान उघडलं म्हणजे झालं, असं समजू नये ते यासाठी.

फाइल साध्या संपादकात उघडली तरी हे कळतं. प्रत्येक सर्टिफिकेट ‘बिगिन सर्टिफिकेट’ आणि ‘एंड सर्टिफिकेट’ या दोन ओळींच्या मध्ये असतं. असा एकच तुकडा दिसला, तर साखळी नाही. आपलं सर्टिफिकेट सर्वांत वर, त्याखाली मधलं, हा क्रम पाळायचा. मूळ सर्टिफिकेट घालायची गरज नाही. दोन फाइली एकमेकींना जोडताना पहिलीच्या शेवटी नवी ओळ नसेल, तर ‘एंड’ आणि ‘बिगिन’ एकाच ओळीवर चिकटतात आणि सगळी फाइलच वाचता येईनाशी होते.

विश्वास कोणावर

मोठ्या कंपन्या अनेकदा आतल्या संकेतस्थळांसाठी स्वतःचीच सही वापरतात. मग त्यांचं मूळ सर्टिफिकेट प्रत्येक विश्वासयादीत घालावं लागतं, आणि अशा याद्या वाटतात त्याहून खूप जास्त असतात. विंडोजची वेगळी, जावाची वेगळी, नोडची वेगळी, पायथनमधल्या अनेक लायब्ररी आपली यादी बरोबर घेऊनच फिरतात. भरीला प्रत्येक कंटेनरच्या गाठोड्यात त्याची स्वतःची यादी. यजमान यंत्रावर मूळ सर्टिफिकेट घातलं म्हणजे आतल्या कंटेनरला ते कळलं, असं नसतं.

सार्वजनिक संस्थांवरचा विश्वासही डोळे झाकून ठेवण्याजोगा नाही. २०११मध्ये डिजिनोटार या डच संस्थेत घुसखोरी झाली, गूगलच्या नावाचं बनावट सर्टिफिकेट निघालं आणि ती संस्था दिवाळखोरीत गेली. जुलै २०१४मध्ये आपल्याकडच्या एनआयसी या सरकारी संस्थेच्या सर्टिफिकेट यंत्रणेतूनही गूगलच्या नावांची अनधिकृत सर्टिफिकेटं बाहेर पडली. तेव्हा सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांवरच्या भारताच्या नियंत्रक कार्यालयाने एनआयसीची मधली सर्टिफिकेटं रद्द केली. असे प्रकार लपून राहू नयेत म्हणून सार्वजनिक नोंदवह्या आल्या. एप्रिल २०१८पासून क्रोम नव्या सार्वजनिक सर्टिफिकेटची तिथे नोंद असल्याशिवाय ते मानत नाही. या नोंदवह्या कोणालाही वाचता येतात. त्यामुळे ‘चाचणी-पगारपत्रक’ असं नाव घालून सर्टिफिकेट घेतलं, की तशी यंत्रणा तुमच्याकडे आहे हे जगजाहीर झालंच. आतली नावं आतच ठेवायची असतील, तर तारांकित सर्टिफिकेट किंवा खासगी सही बरी.

दाराच्या आत

सर्टिफिकेट दारावर आहे, तर दारापासून कंटेनरपर्यंतचं काय? सर्वसाधारण मांडणीत तिथे गुप्तता संपते आणि पुढचा प्रवास उघडा होतो. दुसऱ्या पद्धतीत दारावर काहीच उघडलं जात नाही. पहिल्या संदेशातलं नाव वाचून वाहतूक जशीच्या तशी आत सोडली जाते आणि सर्टिफिकेट कंटेनरजवळ असतं. पण मग दाराला पत्त्याचा पुढचा भाग दिसत नाही, म्हणून ‘बिलं इकडे, चित्रं तिकडे’ अशी वाटणी ते करू शकत नाही. तिसऱ्या पद्धतीत दार मजकूर उघडतं, वाटणी करतं आणि आतल्या कंटेनरशी पुन्हा टीएलएसनेच बोलतं. त्यासाठी आतली वेगळी सर्टिफिकेटं सांभाळावी लागतात. रुग्णांची कागदपत्रं किंवा पैशांचे व्यवहार जिथे जातात, तिथे हे कष्ट घ्यायलाच हवेत असं माझं मत आहे.

दर ४७ दिवसांनी

डिसेंबर २०१८मध्ये एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधलं एक सर्टिफिकेट मुदत संपून निकामी झालं आणि ब्रिटनमधल्या ओ-टू या मोबाइल कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांचा मोबाइल डेटा बंद पडला. फेब्रुवारी २०२०मध्ये मायक्रोसॉफ्ट टीम्स काही तास थांबलं, तेही मुदत संपलेल्या सर्टिफिकेटमुळे. मुदती आता आणखी आखूड होत चालल्या आहेत. २०२०पासून सार्वजनिक सर्टिफिकेटला कमाल ३९८ दिवस मिळत. ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था यांच्या मंचाने एप्रिल २०२५मध्ये नवं वेळापत्रक ठरवलं: १५ मार्च २०२६पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७पासून १०० आणि १५ मार्च २०२९पासून ४७. कॅलेंडरवर खूण करून हे सांभाळणं शक्य नाही.

क्लस्टरमध्ये हे काम बहुधा सर्ट-मॅनेजर नावाचा प्रोग्राम करतो. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५पासून ९० दिवसांची सर्टिफिकेटं फुकट देते. सर्ट-मॅनेजर तिच्याकडे अर्ज करतो. ‘हे नाव तुमचंच कशावरून?’ या प्रश्नाला तो दोन प्रकारे उत्तर देऊ शकतो. संकेतस्थळावर ठरलेल्या जागी एक फाइल काही काळापुरती ठेवायची, किंवा डीएनएसमध्ये एक नोंद करायची. तारांकित सर्टिफिकेटसाठी दुसराच मार्ग चालतो. मुदतीचा दोन तृतीयांश भाग सरला की तो नवं सर्टिफिकेट आणून त्याच सीक्रेटमध्ये घालतो. इनग्रेस कंट्रोलर ते लगेच उचलतो.

प्रत्येक प्रोग्राम मात्र तसं करतोच असं नाही. सीक्रेट फाइलच्या रूपाने थेट कंटेनरला जोडलेलं असेल, तर फाइल थोड्या वेळाने बदलते, पण सुरुवातीला एकदाच ती वाचून स्मरणात ठेवणारा प्रोग्राम जुनंच सर्टिफिकेट दाखवत राहतो. ‘सबपाथ’ वापरून एकच फाइल जोडली असेल, तर कंटेनर पुन्हा सुरू होईपर्यंत फाइलसुद्धा बदलत नाही. सीक्रेटमधली मुदत वाचून समाधान मानणाऱ्या देखरेखीला यातलं काहीच दिसत नाही. म्हणून रोज बाहेरून जोडणी करायची, समोर आलेल्या सर्टिफिकेटचा अनुक्रमांक घ्यायचा, सीक्रेटमधल्या अनुक्रमांकाशी ताडून पाहायचा, आणि दोन्ही वेगळे निघाले तर त्याच दिवशी कंटेनर पुन्हा सुरू करायचा.